सर्जन म्हणतो केस अवघड होती, क्यूए म्हणतो २२ काढ, मी कोणाचं ऐकू?

पत्र:

नमस्कार ताई, मी पुण्यात एका आरसीएम (हॉस्पिटल-डॉक्टरांच्या बिलिंगचं काम बघणाऱ्या) कंपनीत मेडिकल कोडर आहे, म्हणजे डॉक्टरांच्या नोटा वाचून बिलासाठी कोड लावते. सीपीसी (कोडिंगचं सर्टिफिकेट) झालंय, आधी इ अँड एम (डॉक्टरांच्या तपासणी-सल्ल्याचे कोड) करायचे, आता अमेरिकेतल्या एका जनरल सर्जरी ग्रुपच्या प्रोजेक्टवर टाकलंय. मागच्या आठवड्यात एक लॅप कोलेचा (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा) चार्ट आला, पेशंटचा बीएमआय ४६, पोटाचं जुनं ओपन ऑपरेशन झालेलं, पित्ताशयाला गँगरीन. ओप नोटमध्ये (सर्जनने लिहिलेल्या ऑपरेशनच्या नोंदीत) एवढंच होतं की "भरपूर अ‍ॅडहेजन्स होते, ते कष्टाने सोडवले, केस अत्यंत अवघड होती आणि नेहमीपेक्षा खूप वेळ लागला." (अ‍ॅडहेजन्स म्हणजे आतले अवयव एकमेकांना चिकटणं.) अ‍ॅनेस्थेशिया रेकॉर्डवर तीन तास दहा मिनिटं दिसत होती म्हणून मी ४७५६२ ला (लॅप कोलेच्या कोडला) मॉडिफायर २२ (नेहमीपेक्षा बरंच जास्त काम झालं असं सांगणारी खूण) लावला. क्यूएने (आमचं कोडिंग तपासणाऱ्याने) एरर मारला, माझा स्कोअर ९५ च्या खाली गेला. टीएलचं (टीम लीडचं) उलटंच, ते म्हणतात सर्जन पैसे कमी येतात म्हणून चिडलाय, तेव्हा जिथे "डिफिकल्ट" दिसेल तिथे २२ लाव आणि अ‍ॅडहेजन्सचा ४४१८० पण ५९ (ही वेगळी प्रोसिजर आहे असं सांगणारा मॉडिफायर) घालून टाक. क्लायंटची बिलिंग मॅनेजर म्हणते आधीच्या २२ वाल्या क्लेम्सपैकी काही डिनाय (नामंजूर) झाले, बाकीचे पेड दिसतात पण जास्तीचे पैसे आले का ते कोणालाच माहीत नाही. मी रिबटल (एररवर लेखी हरकत) टाकू का? आणि सीजीएससी (जनरल सर्जरी कोडिंगची) परीक्षा दिली तर हे सगळं नीट कळायला लागेल का?
एक वैतागलेली कोडर

उत्तर:

अगं, आधी निकाल सांगून टाकते मग कारणं बघू. जी नोट तुझ्यासमोर होती तिच्यावर २२ बसत नव्हता, म्हणजे क्यूएचं बरोबर. पण नुसता एरर मारून मोकळं होणं हे अर्धंच काम झालं, त्या चार्टवर क्वेरी (सर्जनकडे लेखी खुलासा मागणं) जायला हवी होती आणि ती गेली नाही हा खरा मुद्दा, तो तुझ्या रिबटलमध्ये उपयोगी पडेल, त्यावर शेवटी येते. टीएल दोन्ही बाबतीत चुकलेत. आणि सर्जन? त्याने बहुतेक खरंच घाम गाळलाय, त्यात मला शंका नाही, पण कागदावर तो घाम दिसत नाही आणि पेयरला (पैसे देणाऱ्या विमा कंपनीला किंवा योजनेला) कागदाशिवाय दुसरं काही दिसतच नाही. आणि हो, नाव-तारीख-हॉस्पिटल काहीच न लिहिता पत्र पाठवलंस ते बरं केलंस, मला कधीकधी लोक व्हॉट्सअ‍ॅपवर चार्टचा स्क्रीनशॉट पाठवतात, अरे बाबांनो हिपा नावाचा पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आहे, नोकरी जाईल.

आता हे एवढं कडक का असतं ते समजून घे, कारण ते समजलं की निम्मे चार्ट आपोआप सुटतात. मेडिकेअरची (अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याची) फी १९९२ पासून रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट्सवर (कोणतं काम किती जड त्याच्या आकड्यांवर) चालते आणि बऱ्याच खासगी कंपन्याही तेच युनिट्स वापरतात. प्रत्येक सीपीटी (प्रोसिजरच्या) कोडला जे युनिट्स दिलेत ते "टिपिकल पेशंट" धरून दिलेत, सर्जन लोकांनाच सर्व्हे पाठवून विचारतात की अशा अशा पेशंटला तुम्हाला किती वेळ लागतो, किती ताण पडतो, त्यावरून आकडा ठरतो. म्हणजे त्या फीमध्ये सोप्या केसेसही धरल्यात आणि बऱ्यापैकी अवघडही. अनलिमिटेड थाळीचं जसं असतं, कोणी दोन पोळ्या खातो कोणी सात, दर एकच. चाळीस मिनिटांत झालेल्या गुळगुळीत लॅप कोलेचे पैसे सर्जन परत करत नाही ना, मग थोडी चिकट निघाली म्हणून जास्तीचेही मागायचे नाहीत. २२ हा सात पोळ्यावाल्यासाठी नाहीच, तो फार क्वचित येणाऱ्या केससाठी आहे. जिथे जिथे "डिफिकल्ट" शब्द दिसेल तिथे २२ लावणाऱ्या ग्रुपचा पॅटर्न पेयरच्या डेटात लगेच उठून दिसतो, आणि मग खरी केस आली तरी तिच्याकडे संशयानेच बघतात.

या मॉडिफायरचं नाव २००८ पर्यंत "अनयुज्वल प्रोसिजरल सर्व्हिसेस" होतं, मग "इन्क्रीज्ड" केलं. केस विचित्र किंवा दुर्मिळ असणं पुरेसं नाही, काम वाढलेलं असलं पाहिजे आणि तेही "सब्स्टॅन्शियली". सीपीटीमध्ये दोन गोष्टी मागितल्यात, जास्तीचं काम काय केलं आणि ते का करावं लागलं. कारणांमध्ये इंटेन्सिटी, वेळ, टेक्निकल अडचण, पेशंटच्या आजाराची गंभीरता, शारीरिक-मानसिक श्रम अशी नावं दिलीत. आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये ही नावं पाठ करून घेतात आणि पोरंपोरी टिकमार्क करत बसतात, लठ्ठ आहे टिक, वेळ लागला टिक, झालं. पण "का" आणि "काय" यांचा धागा जुळला पाहिजे, नुसतं "का" असून उपयोग नाही. आणि ते २५ टक्के जास्त काम पाहिजे म्हणतात ना, ते सीपीटीच्या व्याख्येत कुठेच नाही, तो लोकांनी धरलेला ठोकताळा आहे. काही पेयर स्वतःच्या पॉलिसीत तो घेतात, म्हणून पेयरची पॉलिसी उघडून बघायची, ट्रेनरच्या पीपीटीवर विसंबायचं नाही.

मेडिकेअरच्या क्लेम्स प्रोसेसिंग मॅन्युअलचा बारावा चॅप्टर डाउनलोड करून ठेव. त्यात सरळ लिहिलंय की २२ सोबत दोन कागद लागतात, एक म्हणजे ही सर्व्हिस नेहमीपेक्षा वेगळी कशी याचं थोडक्यात निवेदन आणि दुसरा ऑपरेटिव्ह रिपोर्ट. शिवाय २२ फक्त ०, १० किंवा ९० दिवसांचा ग्लोबल (ऑपरेशनच्या फीतच धरलेला फॉलो-अपचा काळ) असलेल्या कोडला लागतो, इ अँड एमला तर कधीच नाही. लॅप कोले ९० दिवसवाली आहे त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता.

मग तुझ्या नोटमध्ये घोडं कुठे अडलं? परत वाच ती. "भरपूर", "कष्टाने", "अत्यंत", "खूप". चार विशेषणं आणि आकडा एकही नाही. अ‍ॅडहेजन्स कुठे होते, कशाला काय चिकटलं होतं, ते सोडवताना काय केलं, किती वेळ गेला, नेहमी किती जातो, काहीच नाही. तिकडे रिव्ह्यूला बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा नर्स असते, सर्जन नव्हे, आणि दिवसभर तिच्यासमोर "एक्स्ट्रीमली डिफिकल्ट" लिहिलेल्या नोटांचा ढीग असतो, तिला या चार शब्दांचं काय कौतुक असणार.

हीच केस नीट लिहिली असती तर कशी दिसली असती ते बघ, हे मी बनवून लिहितेय. "पूर्वीच्या वरच्या मिडलाइन लॅपरोटॉमीमुळे नाभीजवळून आत शिरणं सुरक्षित नव्हतं, म्हणून डाव्या बरगडीखालून एन्ट्री घेतली. ओमेंटम आणि ट्रान्सव्हर्स कोलन पोटाच्या पुढच्या भिंतीला सलग चिकटलेले होते, बाकीचे पोर्ट घालायला जागाच नव्हती. कोलन भिंतीपासून शार्प डिसेक्शनने सोडवायला ७० मिनिटं गेली, त्यानंतर पित्ताशय पहिल्यांदा दिसलं. पित्ताशयाची भिंत गँगरीनस, पकडली की फाटत होती, त्यामुळे आधी डीकॉम्प्रेस करावं लागलं. ड्युओडेनम इन्फंडिब्युलमला चिकटलं होतं. क्रिटिकल व्ह्यू मिळवायला आणखी ४० मिनिटं लागली. बीएमआय ४६ असल्याने लांब ट्रोकार आणि लिव्हर वर धरायला जादा पोर्ट लागला. स्किन टू स्किन १६५ मिनिटं, माझ्या नेहमीच्या लॅप कोलेला ६० ते ७० लागतात." बघ यात "अवघड" हा शब्द एकदाही नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की पित्ताशयापर्यंत पोचायच्या आधीच एक अख्खं ऑपरेशन झालं होतं. सर्जनला असा पॅरा डिक्टेट करायला फार तर दोन-तीन मिनिटं लागतील, पण ते त्याच दिवशी, ओटीतून बाहेर पडल्या पडल्या, डोक्यात ताजं असताना.

वेळेबद्दल एक गोष्ट. तू तीन तास दहा मिनिटं अ‍ॅनेस्थेशिया रेकॉर्डवरून घेतलीस, तो सर्जनचा वेळ नाही. त्यात पेशंटला झोपवणं, लाईन टाकणं, पोझिशन देणं, उठवणं सगळं येतं आणि बीएमआय ४६ असला की तेच अर्धा-पाऊण तास खातं. पाहिजे तो इन्सिजन ते क्लोजर, तो सर्क्युलेटिंग नर्सच्या इंट्राऑप रेकॉर्डवर असतो, तो जोडपत्र म्हणून छान उपयोगी पडतो पण ओप नोटची जागा घेऊ शकत नाही. आणि तुलना कशाशी करायची? सर्जनचा स्वतःचा नेहमीचा वेळ हा एक, आणि दुसरं म्हणजे सीएमएस (मेडिकेअर चालवणारं सरकारी खातं) दरवर्षी फिजिशियन टाइमची फाईल वेबसाईटवर टाकतं, त्यात प्रत्येक कोडचा इंट्रासर्व्हिस टाइम (प्रत्यक्ष ऑपरेशनचा वेळ) मिनिटांत असतो. फुकट आहे, एक्सेलमध्ये उघडते, आणि आपल्याकडे फार थोड्या जणांना ती माहितीये. अपीलमध्ये तो आकडा टाकला की "सर्जनच हळू असेल" हा आक्षेप बराच बोथट होतो. तरी नुसता वेळ कधीच पुरत नाही हां, रेसिडेंटला शिकवत होते म्हणून वेळ लागला, लॅपरोस्कोपचा कॅमेरा बिघडला म्हणून लागला, हे २२ चं कारण नाही.

बीएमआयचंही तसंच. लठ्ठपणा म्हणजे २२ असं समीकरण बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते काढून टाक. लठ्ठपणामुळे या ऑपरेशनमध्ये नेमकं काय जास्त करावं लागलं ते नोटमध्ये असेल तरच तो मोजला जातो. डायग्नोसिस कोड मात्र सगळे लाव, ते क्लेमवर गोष्ट सांगतात. अ‍ॅडहेजन्सला के६६.०, गँगरीनला के८२.ए१ पण त्याच्या आधी कोलेसिस्टायटिसचा कोड यायला हवा ते विसरू नकोस, बीएमआय ४६ ला झेड६८.४२. आणि ऑक्टोबर २०२४ पासून लठ्ठपणाचे क्लासनुसार वेगळे कोड आलेत, क्लास थ्रीला ई६६.८१३, पण तो क्लास डॉक्टरने लिहिलेला पाहिजे, बीएमआय बघून आपण ठरवायचा नाही.

आता टीएलचं ते ४४१८० आणि ५९. हे ऐकून मला खरंच कपाळावर हात मारावासा वाटला. ४४१८० च्या वर्णनातच "सेपरेट प्रोसिजर" लिहिलंय, म्हणजे त्याच पोटात त्याच वेळी मोठं ऑपरेशन करताना वाटेतले अ‍ॅडहेजन्स सोडवले तर तो वेगळा मागायचा नाही, एनसीसीआयमध्ये (कोणते कोड एकत्र मागायचे नाहीत त्या मेडिकेअरच्या नियमांत) तो बंडल होतो. ५९ हे बंडल फोडायचं मास्टर की नव्हे, वेगळी जागा, वेगळं सेशन असलं काही असेल तर तो. वाटेतले अ‍ॅडहेजन्स खरंच अवाढव्य असतील तर त्यासाठीच तर २२ आहे. दोन्ही एकत्र लावणं म्हणजे त्याच कामाचे पैसे दोनदा मागणं, आणि मग ऑडिटमध्ये तेलही जातं तूपही जातं.

२२ कडे वळायच्या आधी नेहमी एक प्रश्न विचार, ही जी अडचण आहे तिला आधीच कोड आहे का? गर्भाशय मोठं होतं म्हणून टोटल लॅप हिस्टरेक्टमीला २२ लावलेले चार्ट मी कितीतरी पाहिलेत, अगं पण २५० ग्रॅमच्या वरच्या गर्भाशयाला ५८५७२ आणि ५८५७३ आहेतच की, वजन पॅथॉलॉजी रिपोर्टवर मिळतं. पोटाच्या भिंतीच्या हर्नियाचे कोड २०२३ मध्ये पूर्ण बदलले, आता डिफेक्टची एकूण लांबी, पहिल्यांदा की परत झालेला, अडकलेला की नाही, हे सगळं ४९५९१ ते ४९६१८ मध्येच धरलंय, त्यामुळे "इन्कार्सरेटेड होता म्हणून २२" हे आता चालत नाही, जुनी जाळी काढली तर त्याला ४९६२३ अ‍ॅड-ऑन आहे. ओपन कोलेक्टमीत स्प्लेनिक फ्लेक्शर मोकळं केलं तर ४४१३९. रोबो वापरला म्हणून २२ नाही. लॅपरोस्कोपी सोडून ओपन करावं लागलं तर फक्त ओपनचा कोड, कोलेला ४७६००, सोबत झेड५३.३१, आणि नुसतं कन्व्हर्जन झालं हे २२ चं कारण होत नाही, कन्व्हर्ट केल्यावर ओपनमध्येही काही भयंकर सापडलं तर मग विचार करायचा. चार किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचं ऑपरेशन असेल तर मॉडिफायर ६३ आहे, त्यासोबत २२ नको. ही यादी पाठ करू नकोस गं, कोडबुकमध्ये मूळ कोडच्या वर-खाली चार ओळी वाचायची सवय लाव, बस.

क्वेरीकडे येते, कारण तुझ्या हातात खरी ताकद तिथेच आहे. बऱ्याच कोडर क्वेरी टाकायला घाबरतात, प्रॉडक्शन टार्गेट मागे पडतं, क्लायंट चिडेल वगैरे. आणि ज्या टाकतात त्यातल्या निम्म्या अशा टाकतात: "डॉक्टर, २२ लावायचा आहे, कृपया केस अवघड होती आणि जास्त वेळ लागला असं अ‍ॅड करा." ही लीडिंग क्वेरी झाली. उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही, आणि पैशाचा तर उल्लेखही करायचा नाही. असं लिही, तुमच्या टेम्प्लेटप्रमाणे इंग्लिशमध्ये: "ऑपरेटिव्ह नोटमध्ये भरपूर अ‍ॅडहेजन्स आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ असं नमूद आहे. अ‍ॅडहेजन्सची जागा, त्यात सामील अवयव आणि ते सोडवण्यासाठी केलेलं काम स्पष्ट कराल का? वेळेबद्दल काही नोंद करायची असल्यास करावी, यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नसेल तर तसंही कळवावं." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, "नाही" म्हणायला जागा ठेवलेली असली की क्वेरी ऑडिटमध्ये टिकते.

उत्तर अ‍ॅडेंडम म्हणून यायला हवं, ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाची तारीख आणि सही घेऊन, मूळ नोटला हात न लावता. चार-पाच दिवसांत आलेलं अ‍ॅडेंडम कोणी फारसं प्रश्नात काढत नाही. डिनायल आल्यावर तीन महिन्यांनी "आता आठवलं, ७० मिनिटं अ‍ॅडहेजन्सला लागली होती" असं आलं तर रिव्ह्यूअर हसेल, आणि हसण्यावर थांबलं तर नशीब, कारण सरकारी पैशाचा क्लेम आहे, तिकडे १८६३ पासूनचा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट आहे आणि त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली होते. टेम्प्लेटचंही हेच, काही ग्रुप "मॉडिफायर २२ पॅरा" ईएचआरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या पेशंट रेकॉर्डमध्ये) सेव्ह करून ठेवतात आणि सगळ्या नोटांना तोच चिकटवतात, तेच शब्द, तीच ९० मिनिटं. टेम्प्लेट ठेवा ना, पण रिकाम्या जागांचा ठेवा: काय सापडलं, काय जास्त केलं, किती वेळ, नेहमी किती. भरायचं काम सर्जनचं.

समज क्वेरीचं उत्तर झकास आलं आणि २२ लागला, तरी पैसे येतीलच असं नाही, कारण पुढचा गोंधळ बिलिंगमध्ये होतो. पहिली गोष्ट चार्ज. मेडिकेअर फी शेड्यूल आणि बिल केलेली रक्कम यातली जी कमी ती धरतं, खासगी कंपन्यांची काँट्रॅक्ट्सही बरेचदा तशीच असतात, म्हणून ग्रुपची लावायची रक्कमही वाढवायला लागते. ज्यांचा नेहमीचा चार्जच शेड्यूलच्या तिप्पट असतो त्यांना मेडिकेअरपुरता फरक पडत नाही, पण चार्ज न वाढवलेला २२ म्हणजे "जास्त द्या" म्हणायचं पण किती ते सांगायचं नाही. वाढ कामाच्या वाढीशी जुळणारी असावी. मिळतं किती? मेडिकेअरमध्ये ठरलेली टक्केवारी नाही, कागद बघून ठरवतात, खासगीत २० ते ३० टक्के ही रेंज ऐकायला मिळते, त्यामुळे दुप्पट लावून बसायचं नाही.

दुसरी गोष्ट कागद पोचणं. इलेक्ट्रॉनिक क्लेममध्ये एनटीई सेगमेंटला (टीप लिहायच्या जागेला) ८० अक्षरं मिळतात, त्यात कथा मावत नाही, पण "अ‍ॅडहेजन्स ७० मिनिटं, एकूण १६५ विरुद्ध नेहमी ६५, ओप नोट जोडली" एवढं मावतं, ते इंग्लिशमध्ये टाका, रिकामं सोडू नका. जोडपत्र येतंय हे पीडब्ल्यूके या जोडपत्राच्या रकान्यात सांगायचं आणि तिथला कंट्रोल नंबर फॅक्सच्या कव्हरशीटवर तोच टाकायचा, नाहीतर क्लेम एकीकडे आणि कागद दुसरीकडे, मग सीओ-२५२ हा नकाराचा कोड येतो की जोडपत्र लागेल. काही मेडिकेअर काँट्रॅक्टर आधी कागद पाठवू नका, आम्ही एडीआर (जास्तीचे कागद मागणारं) पत्र पाठवू म्हणतात, तिथे ४५ दिवसांच्या आत उत्तर जायला हवं, आणि ही पत्रं क्लायंटच्या मेलरूममध्ये पडून राहतात हे मी वेगळं सांगायला नको. सोबत सर्जनच्या सहीचं एक पानी पत्र, एकच पान, साध्या भाषेत, नेहमी काय होतं आणि इथे काय झालं.

आणि आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट, "बाकीचे पेड दिसतात." अगं सगळे पैसे तिथेच मुरतात! २२ चा क्लेम बरेचदा डिनाय होतच नाही, पेयर गुपचूप बेस रक्कम देऊन टाकतो, उरलेली सीओ-४५ मध्ये (ठरलेल्या दरापेक्षा जास्तीची रक्कम म्हणून) अ‍ॅडजस्ट होते, पेमेंट पोस्ट करणारा मुलगा बॅलन्स शून्य करतो आणि अकाउंट बंद. एआर कॉलरच्या (अडकलेल्या पैशांसाठी पेयरला फोन करणाऱ्याच्या) वर्कलिस्टमध्ये तो येणारच नाही कारण त्याच्या दृष्टीने डिनायल नाहीच. सर्जन ओरडतो पैसे आले नाहीत, रिपोर्ट म्हणतो सगळे पेड, आणि दोघंही खरं बोलतायत. त्यामुळे क्लायंटच्या मॅनेजरला सांग, किंवा तुझ्या एसपीओसीमार्फत (क्लायंटशी बोलायला नेमलेल्या माणसामार्फत) सुचव, की २२ लागलेले सगळे क्लेम सिस्टिममध्ये फ्लॅग करा, ईओबी (पेयरकडून येणारा पेमेंटचा हिशेब) आला की आलेली रक्कम त्या पेयरच्या नेहमीच्या अलाउडशी (मंजूर रकमेशी) ताडून बघा, आणि जेवढ्यास तेवढी आली असेल तर ते अंडरपेमेंट धरून अपील करा. मेडिकेअरमध्ये पहिल्या पातळीच्या रीडिटर्मिनेशनला निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस असतात, तिथे नाही जमलं तर रीकन्सिडरेशनला १८० दिवस. खासगीत काँट्रॅक्ट बघावं लागेल. आधीच्या महिन्यांतले जे क्लेम या मुदतीत बसतात आणि ज्यांच्या नोटा खरोखर भक्कम आहेत तेवढेच उचला, सगळे नको, कमकुवत नोटवर अपील करणं म्हणजे आपणच पेयरला ऑडिटचं आमंत्रण देणं.

टीएलशी कसं बोलायचं? भांडू नकोस, तोंडी तर काहीच नको. एक साधा मेल टाक की २२ आणि ४४१८०-५९ बाबत क्लायंटची लेखी कोडिंग गाइडलाइन मिळेल का, मला चार्टला रेफरन्स द्यायचा आहे. तोंडी "लाव गं सगळीकडे" म्हणणारे लोक लेखी मागितलं की एकदम सावध होतात, हे नाईट शिफ्टमध्ये काम केलेल्या प्रत्येकीला माहीत असेल. चुकून लेखी आलंच तर तो मेल कम्प्लायन्सकडे पाठवायचा, कारण उद्या ऑडिटमध्ये चार्टवर युजर आयडी तुझा असणार, टीएलचा नाही.

रिबटल टाक, पण "२२ बरोबर होता" म्हणून टाकू नकोस, हरशील. असं लिही की नोटमध्ये क्लिनिकल संकेत स्पष्ट होते, गँगरीन, जुनं ओपन ऑपरेशन, बीएमआय ४६, पण डॉक्युमेंटेशन अपुरं होतं, अशा वेळी गाइडलाइनप्रमाणे क्वेरी व्हायला हवी, तरी एररची कॅटेगरी मॉडिफायर एररऐवजी मिस्ड क्वेरी करावी आणि चार्ट क्वेरीला परत पाठवावा. बऱ्याच कंपन्यांत या दोन एररचं वेटेज वेगळं असतं, तुझा स्कोअर त्यामुळे वर येऊ शकतो, आणि चार्ट परत गेला तर त्या सर्जनला खरंच त्याचे पैसेही मिळू शकतात. ऑपरेशन मागच्याच आठवड्यातलं असेल तर अजून उशीर झालेला नाही, आजच टाक.

सीजीएससीबद्दल, दे परीक्षा, जनरल सर्जरीत राहायचं असेल तर चांगलीच आहे. पण परीक्षेआधी रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एखादं ऑपरेशन यूट्यूबवर बघत जा, लॅप कोले, हर्निया, कोलेक्टमी, सर्जन लोकांनीच टाकलेले असतात. सोपी लॅप कोले पाच-सहा वेळा नजरेखालून गेली की अवघड नोट वाचताना आपोआप कळतं हे नेहमीचं काम आणि हे जास्तीचं. परीक्षेची फी डॉलरमध्ये आहे आणि स्वस्त नाही, तुमची कंपनी पास झाल्यावर रीइंबर्स करते का ते एचआरला विचारून ठेव, आणि करत असेल तर त्यासोबत किती महिन्यांचा बाँड आहे तेही विचार.